आबदारखान्याचं पाणी

फोनचं म्हणणं असं पडलं, की समोर जिवंत माणूस नाही. शार्दूलनं फोन जरा वर धरला, जरा खाली धरला, वडलांना खिडकीपाशी बसवलं, मग तिथून उठवून ट्यूबलाइटखाली बसवलं. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी आपण हयात असल्याचं सरकारला कळवायचं असतं. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहिलं की काम व्हायचं; साहेब मान वर करून बघतही नसे, आणि ते दोघांनाही सोयीचं होतं. आता घरच्या घरी फोनसमोर तोंड धरायचं, फोन सांगणार पापण्या मिटा, आपण मिटायच्या, की पुढच्या नोव्हेंबरापर्यंत जिवंत. उमाशंकर पापण्या मिटत होते. निदान त्यांची तशी समजूत होती. 'बाबा, पलकें झपकाओ ना,' शार्दूल म्हणाला. 'झपकवतोय.' 'कुठे झपकवताय? तुम्ही नुसते बघून राहिले. भिंतीवरचा फोटो बघतो ना, वैसे.' स्वयंपाकघराच्या दारात माधवी, त्यांची सून, नात चिऊला कडेवर घेऊन उभी होती. ती हसली. 'ते मुद्दाम करताहेत. फोनची मजा घेऊन राहिले बाबा.' मग शार्दूलही हसला. उमाशंकरांनीही हसून दाखवलं. गालांत काहीतरी हलल्यासारखं वाटलं, म्हणजे हसले असणार. पण चिऊ, जी सातव्या महिन्यात आहे आणि फिरत्या पंख्याकडे बघूनही हसते, ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं तोंड आईच्या खांद्यात लपवलं. एकटी सरला, त्यांची बायको, शेंगा मोडत बसली होती आणि हसली नव्हती. ती म्हणाली, 'डोळ्यांत काही गेलंय का तुमच्या?'

सरलाला गंमत कळत नाही, ही या घरातली जुनी आणि सर्वांनी मान्य केलेली गोष्ट. धारहून लग्न होऊन आली त्याच आठवड्यात उमाशंकरांनी तिला गंभीरपणे सांगितलं होतं, की आम्ही दरबारी माणसं, आमच्याकडे नव्या सुनेनं सकाळी गच्चीवरच्या कावळ्याला मुजरा करायचा असतो. ती करत राहिली. सासूनं एकदा पाहिलं आणि विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'यांनी सांगितलं म्हणून.' उमाशंकर तेव्हा नुकतेच कोषागारात चिकटलेले, पण देवासात त्यांना लोक ओळखत ते महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवामुळे. स्टेजवर उभं राहायचं आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगायचं, की नगरपालिका देवीची टेकडी भाड्यानं द्यायला काढते आहे, इच्छुकांनी देवीचीच ना-हरकत आणावी. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी तरी माना डोलवल्या पाहिजेत, तर खरं. कला एवढीच, की चेहरा दगडाचा ठेवायचा. सरला पहिल्या रांगेत बसायची आणि घरी आल्यावर विचारायची, टेकडीचं भाडं कुणाला मिळणार. इतकी वर्षं हे दुःख त्यांनी हसत हसत सोसलं. आता चेहरा खरंच दगडाचा होत चालला होता आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण सगळे त्याला कलाच समजत होते. त्यांना स्वतःलाही मधूनमधून वाटे, की आपणच करतोय हे, थांबवलं की थांबेल. दाढी करताना ते आरशातल्या माणसाला काहीतरी सांगून बघत. तो माणूस उत्तम श्रोता होता. शेवटपर्यंत हसत नसे.

पेन्शनच्या कामाचं सांगून उमाशंकर एकटेच इंदूरला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांनी चेहऱ्याबद्दल काही विचारलंच नाही. त्यांनी उमाशंकरांना बोटं चिमटीसारखी भराभर उघडमीट करायला लावली, कागदावर एक ओळ लिहायला लावली. ओळ डावीकडे मुंगळ्यासारखी निघाली आणि उजवीकडे पोचेपर्यंत मुंगीएवढी झाली. मग म्हणाल्या, 'अब ज़रा उल्टा चलिए. पीछे की तरफ़.' उमाशंकरांना बरं वाटलं. उलटं चालणं ही तर घरची विद्या. आजोबा दरबारातून बाहेर पडत ते सरकारांकडे पाठ न करता, उलट पावलांनी, हातात चांदीचा तांब्या आणि तांब्यातल्या पाण्याला हिसका नाही. लहानपणी वडील ओसरीवर त्यांच्याकडून ते करवून घेत, संस्थान विलीन होऊन जमाना झाला होता तरी. न जाणो, कुठे बोलावणं आलं तर. उमाशंकरांनी एक पाऊल मागे टाकलं आणि दुसरं टाकायच्या आत ते मागच्या मागे गेले. कंपाउंडरनं बगलेत हात घालून धरलं म्हणून खुर्चीवर तरी पडले. पिढ्यान् पिढ्यांचं उलटं चालणं दुसऱ्या पावलाला संपलं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि ते सांगावंसंही वाटलं, पण बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, की कधी खाणीत काम केलंय का, वेल्डिंगचं काम केलंय का. मग विचारलं, पाणी कुठलं पिता.

हा प्रश्न उमाशंकरांना आयुष्यात इतक्या उशिरा कुणी विचारावा, याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं. आमचं घराणं आबदारखान्याचं, म्हणजे सरकारांच्या पिण्याच्या पाण्याचं खातं आमच्याकडे. देवासला गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी; आम्ही कुठल्या सरकारांचे, यावर घरात वाद आहे, पाण्यावर नाही. पणजोबांनी मुलखातल्या विहिरी, बावड्या, झरे पालथे घातले. प्रत्येक पाणी एकाच पेल्यात भरायचं, सोनाराच्या तराजूत तोलायचं, आणि सगळ्यात हलकं भरेल ते सरकारांना. ते सापडलं बागलीच्या पलीकडे, डोंगरातल्या एका झिरीत. तेव्हापासून आमच्या घरात दुसरं पाणी प्यायलं गेलेलं नाही. सरकार गेले, खातं गेलं, तराजू कुणीतरी नेला. पाणी चालू आहे. बागलीचे आमचे भैयासाहेब दर आठवड्याला बसच्या ड्रायव्हरपाशी दोन कॅन ठेवून देतात, शार्दूल स्टँडवरून घेऊन येतो. देवासला आगगाडीनं पाणी यायचं त्या उन्हाळ्यातसुद्धा आमच्याकडे कळशी भरलेली. तेव्हा शेजारचे घोटभर मागायला यायचे आणि आम्ही अत्तरासारखं द्यायचो. बाईंनी लिहिणं थांबवलं. 'उधर आसपास कोई खदान है?' होती ना, उमाशंकर म्हणाले, मँगनीजची. बंद पडून कित्येक वर्षं झाली. 'घर में कोई छोटा बच्चा?' नात आहे. 'वो ये पानी पीती है?' उमाशंकर तक्रारीच्या सुरात म्हणाले, की नाही, तिला आरओचं देतात, बहू किसी की नहीं सुनती. 'अच्छा करती है,' बाई म्हणाल्या. 'बच्चों का दिमाग़ बन रहा होता है. उन्हें एक बूंद मत दीजिएगा. और एक बोतल लैब में दे आइए.'

परतीच्या बसमध्ये, खिडकीबाहेर कारखान्यांच्या भिंती सरकत असताना, त्यांना झिरी आठवत राहिली. पहिल्यांदा वडलांचं बोट धरून गेले तेव्हाची. खडकात कोरल्यासारखी एक पायरी, तिच्यावर ओणवं व्हायचं, ओंजळ घालायची आणि दात कळा मारायला लागेपर्यंत प्यायचं. काठाला नेचे, ओल्या मातीचा आणि कसल्याशा पाल्याचा वास. नंतर एकदा सरलाला आणि लहानग्या शार्दूलला घेऊन गेले तेव्हा खाण बंद पडलेली होती. ठेकेदार मशिनं घेऊन गेला होता आणि जे नेण्यासारखं नव्हतं ते डोंगराच्या उतारावर ठेवून गेला होता: काळा, वखारीतल्या कोळशासारखा ढीग, झिरीच्या बरोबर वरच्या अंगाला. पावसाळा नुकता संपलेला, सगळा डोंगर हिरवा, आणि ढिगावर गवताची काडी नाही. पावसानं त्याच्यात ओघळ पाडले होते आणि सगळे ओघळ एकाच दिशेला, खाली उतरत होते. झिरीचं पाणी मात्र कधी नव्हे इतकं नितळ. नेचे नव्हते. बेडूक नव्हते. शेवाळ नव्हतं. तळाचा खडान् खडा दिसत होता. सरला म्हणाली, 'किती स्वच्छ आहे हो. शेवाळसुद्धा नाही.' आणि उमाशंकर चेहरा न हलवता म्हणाले होते, 'आबदारखान्याची माणसं येऊन घासून जातात. अजून.' ती म्हणाली, 'बरं करतात.' पाण्याला त्या दिवशी तारेची चव होती, जिभेवर पितळी खिळा ठेवल्यासारखी. घरी त्या चवीला लोहाचा गुण म्हणू लागले. कळशीच्या तळाशी काळी साय धरायची, ती सरला दर आठवड्याला चिंच लावून घासायची, आणि आल्यागेल्याला सांगायची, की हलक्या पाण्याची ही खूण. ही खूणही उमाशंकरांनीच तिला सांगितली होती. कधी, कशावरून, आठवेना. पणजोबांच्या तोंडी घालून सांगितली असणार.

लॅबमधल्या मुलीनं फोनवर मँगनीजचा आकडा सांगितला, हवा त्याच्या कितीतरी पट, आणि विचारलं, ये किसी फ़ैक्टरी का है क्या अंकल. उमाशंकर म्हणाले, नहीं बेटा, राजघराने का है. मग त्यांनी बागलीला फोन लावला. भैयासाहेबांनी नेहमीसारखी आधी चिऊची, मग सरलावहिनींची, मग पेन्शनची चौकशी केली. उमाशंकरांनी विचारलं, 'झिरीचं पाणी कसं आहे सध्या? तुम्ही पिता ना?'

'मी? अरे भिया, आमच्याकडे आरओ बसला ना. बहू आली तेव्हापासून.'

'मग आम्हाला का पाठवता?'

'म्हणजे काय. तुमचं पाणी आहे. तुमचा मान आहे, मी कोण बंद करणारा? आणि तुम्ही दर वेळी फोन करून म्हणता, भैयासाहेब, अमृत पाठवलंत. इतकं म्हटल्यावर माणूस कसं बोलणार?'

'ढोरं पितात?'

'ढोरं तर कधीची नाही पीत. खदानीचं उतरतं ना त्यात, सबको मालूम है. वो पानी जाँचनेवाले लोग आले होते, खालच्या पाड्यावरच्या हँडपंपाला लाल रंग मारून गेले, म्हणजे प्यायचं नाही. झिरीला कुठे मारणार रंग?'

'मग पाड्यावरचे काय पितात?'

'टँकर आला तर टँकरचं. नाही आला तर झिरीचं. ते काय करतील बिचारे. दोघं-चौघं तर असे चालतात, टाच टेकतच नाही, मुर्ग्यासारखे. पोरं हसतात त्यांना.' भैयासाहेबांना एकदम शंका आली. 'का हो, वहिनींना चव वेगळी लागली का? ड्रायव्हरनं कॅन बदलला असेल, मी बोलतो त्याला.'

उमाशंकर म्हणाले, नाही, चव तीच आहे. फोन ठेवून ते संडासाकडे गेले तेव्हा त्यांचं लक्ष स्वतःच्या पावलांकडे गेलं. टाचा जमिनीपासून किंचित वर होत्या. असं चालायचं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. पाड्यावरची ती माणसं आणि आपण, त्यांच्या मनात आलं, एकाच पंगतीचे निघालो. फरक इतकाच, की त्यांना घरपोच येत नव्हतं. हे वाक्य चांगलं होतं. पूर्वी असतं तर गणपतीपर्यंत जपून ठेवलं असतं. आता ते आलं आणि छातीवर बसून राहिलं, आणि त्यांना फक्त झोपावंसं वाटलं. थकवा हा असा होता अलीकडे, कष्टाचा नाही, दिवसभर कुणीतरी आपल्या अंगावर बसून उठून गेल्यासारखा.

चिऊचं उष्टावण दुसऱ्या दिवशीच होतं. मुलीचं विषम महिन्यात, म्हणून सातवा. आणि या घरात उष्टावणाची खीर नंतर. आधी झिरीचं पाणी. चांदीच्या वाटीत घ्यायचं, त्यात सोन्याची अंगठी बुडवायची आणि अंगठीनं बाळाच्या ओठाला लावायचं, मग वाटीतलं उरलेलं दोन घोट पाजायचं. वडलांना पाजलं होतं, उमाशंकरांना पाजलं होतं, शार्दूलला पाजलं होतं. एरवी पाण्याच्या बाबतीत कुणाचं न ऐकणाऱ्या माधवीनंही एवढ्याला मान्यता दिली होती: रसम है, दो घूंट से क्या होता है. रात्री जेवताना, सरला शेजारी आमंत्रणाचं कुंकू लावायला गेलेली असताना, उमाशंकर म्हणाले, 'त्या पाण्यात विष आहे. चिऊला द्यायचं नाही.' शार्दूलनं घास घेतला. 'ये वाला अच्छा था, बाबा.' 'खरं सांगतोय. इंदूरला तपासून घेतलं.' 'और आप सत्तर साल से पी रहे हो,' माधवी म्हणाली. आणि इथे उमाशंकरांनी गप्प राहायला हवं होतं. किंवा ताट सारून उठायला हवं होतं, जसं इतर घरांतून खरं बोलणारी माणसं करतात. पण आयुष्यभर जीभ ज्या वळणानं गेली त्याच वळणानं गेली. ते म्हणाले, 'म्हणून तर फोन मला मेलेला समजतो.' दोघं इतकी हसली की शार्दूलला ठसका लागला. माधवीनं त्याला पाणी दिलं, आरओचं. उमाशंकर पुढे काहीतरी सांगणार होते, मँगनीज म्हणणार होते, पण त्या शब्दाचा उच्चार करताना जीभ जड झाली आणि तो शब्दसुद्धा नक्कल केल्यासारखा आला. सरला परतली तेव्हा ते झोपायला गेले होते. तिला सांगायचं राहिलं होतं असं नाही. तिला काय सांगायचं, हेच उलगडत नव्हतं. इतकी वर्षं चिंचेनं घासलेली ती कळशी. धारच्या माहेरच्यांनी चिडवावं, की देवासला पाणीच नाही म्हणून तुम्ही पाण्याचे मानकरी, आणि तिनं मान ताठ ठेवून म्हणावं, असेल, पण आमचं हलकं आहे. उद्या सांगू, असं मनाशी म्हणत ते उघड्या डोळ्यांनी पडून राहिले. पापण्या मिटायलाही आठवण लागत होती.

सकाळी माणसं जमली. माधवीचा भाऊ हर्षित राजगढहून आला होता. मामाच्या मांडीवर बसवून पाजायचं असतं. तो नव्या पायजम्यात अवघडून पाटावर बसला आणि चिऊनं लगेच त्याचं बटण तोंडात धरलं. समाजातल्या बायका, शेजारचे दोनतीन म्हातारे, कुणाच्या तरी हातातला व्हिडिओ घेणारा फोन. सरला जरीचं नेसली होती. तिनं कळशीतून चांदीच्या वाटीत पाणी ओतलं आणि वाटी हर्षितच्या हातात दिली, आणि पाणी इतकं नितळ होतं की वाटी रिकामीच वाटावी. उमाशंकर खुर्चीवर होते. ते उठले. उठायला वेळ लागला आणि तेवढ्यात सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या, कारण ते उभे राहिले की काहीतरी ऐकायला मिळतं अशी सवय होती. ते म्हणाले, 'थांबा. हे पाणी पोरीला देऊ नका. हे बंद खाणीचं पाणी आहे. ह्यानं माझं असं झालंय.' आवाज सपाट आला. चेहरा, जसा होता तसाच. क्षणभर शांतता झाली, ती त्यांच्या चांगलीच ओळखीची होती, हशा फुटण्याआधीची. मग फुटला. शेजारचे म्हातारे गुडघ्यावर हात मारत हसले. 'क्या चेहरा है,' कुणीतरी म्हणालं, 'एक शिकन नहीं.' हर्षित अदबीनं, अर्धवट कळल्यासारखा हसला आणि म्हणाला, 'काका, मग मी आधी पिऊन दाखवू?' आणि त्यानं अंगठी पाण्यात बुडवली. उमाशंकरांनी हात पुढे केला. तो वाटीपर्यंत पोचणार नव्हता, हे त्यांना हात निघतानाच कळलं. खोलीत दहा-वीस माणसं होती, सगळी त्यांच्यावर प्रेम करणारी, आणि एकालाही खरं सांगता येईल असं त्यांनी आपलं तोंड ठेवलं नव्हतं.

'कुठल्या खाणीचं?' सरलानं विचारलं.

ती हसत नव्हती. हातात औक्षणाचं तबक धरून ती त्यांच्याकडे बघत होती, जसं ती टेकडीच्या भाड्याबद्दल विचारताना बघायची. उमाशंकर म्हणाले, 'झिरीच्या वरची. तो काळा ढीग. तू पाहिला होतास.' 'शेवाळ नव्हतं तिथे,' सरला म्हणाली. 'हो.' 'ते घासत होते ना?' 'कुणी घासत नव्हतं.' तिनं तबक खाली ठेवलं, पुढे झाली आणि हर्षितच्या हातातून वाटी काढून घेतली, अंगठीसकट. बायका म्हणाल्या, अहो वहिनी, गंमत करताहेत ते. कुणी म्हणालं, मुहूर्त टळेल. सरला म्हणाली, 'टळू दे. आधी खीर भरवा.' आणि वाटी घेऊन आत गेली. बाहेर पुन्हा थोडं हसणं झालं, या वेळी तिच्यावर. मग खीर भरवली, चिऊनं ती सगळी बाहेर काढली, टाळ्या झाल्या.

उमाशंकर भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले तेव्हा सरला ओट्यापाशी उभी होती. वाटी समोर होती. तिनं विचारलं, 'थोडं प्यायलं तर चालतं का?' 'मोठ्यांनी प्यायलं तर लगेच काही होत नाही म्हणतात. लहानांना एक थेंब नको.' तिनं वाटी जराशी दूर सारली. मग म्हणाली, 'माधवीला दूध कमी आलं तेव्हापासून वरच्या दुधाची एक बाटली मी करते. दुपारची. ती झोपते तेव्हा.' उमाशंकर बघत राहिले. 'ते मशिनचं पाणी मेलेलं असतं म्हणाला होतात तुम्ही. आपलं हलकं आहे, बाळाला बाधत नाही म्हणालात. म्हणून मी ह्यातलं घालत होते. उकळून घालत होते.' उकळलं की ते जातं का, हे तिच्या डोळ्यांत होतं. जात नाही, उलट दाट होतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. उमाशंकरांनी ते सांगितलं नाही. त्यांना तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. हात निघाला आणि ओट्याच्या कडेवरच थांबला. काहीतरी बोलावं म्हणून शोधलं तर आत सगळी वाक्यं तीच, स्टेजवरची, रांगेनं उभी. त्यांनी त्यांतलं एकही उचललं नाही. 'सोमवारी चिऊला इंदूरला नेऊ,' ते म्हणाले. 'बाईंनी सांगितलंय, लवकर थांबवलं तर बरं असतं.' सरलानं मान हलवली. तिनं वाटी उचलली, मोरीकडे गेली आणि थांबली. मोरीचं पाणी बाहेरच्या खळग्यात जातं आणि तिथे गल्लीतली गाय पिते. मग खिडकीतल्या तुळशीकडे बघितलं, आणि नको म्हणाली. मागच्या कढीपत्त्यालाही नको. दोघं त्या एवढ्याशा पाण्याकडे बघत उभी राहिली. कोपऱ्यात काल आलेला दुसरा कॅन होता, सील न फोडलेला. शेवटी तिनं वाटीतली अंगठी चिमट्यानं काढली, पाणी परत कळशीत ओतलं, कळशीवर झाकण ठेवलं आणि झाकणावर पोळपाट ठेवला.

माधवी चिऊला घेऊन आत आली. चिऊच्या हनुवटीवर खीर वाळली होती. 'सब पूछ रहे हैं,' ती म्हणाली, हसत, पण हसू जरा लांबलेलं. 'बाबा, मघाशी तुम्ही गंमतच करत होते ना?'

उमाशंकरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी सरला बोलली. 'त्यांना गंमत करता येत नाही,' ती म्हणाली. 'मी पहिल्यापासून सांगते आहे.' तिनं पदरानं चिऊची हनुवटी पुसली, नीट, पुन्हा एकदा पुसली. मग दार लोटून घेतलं आणि माधवीला म्हणाली, 'बस खाली. मला तुला काही सांगायचंय.'